अकरा लाल मणी

प्रिय चिंगे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतोय, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे.

तुझ्या लेकीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला, हे तुला ठाऊकही नसेल. तिनं सोडियमचा अणू केला, तोही बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेला. मधे गोळा: अकरा लाल मणी म्हणजे प्रोटॉन आणि बारा पांढरे न्यूट्रॉन. भोवती तारेची तीन कडी. आतल्या दोन कड्यांवर मिळून दहा निळे मणी, ते इलेक्ट्रॉन. तिसरं कडं मुद्दाम रिकामं. आठवडाभर माझ्या टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती. रसायनशास्त्र शिकवणारी मावशी घरात असून मला बोटही लावू दिलं नाही. हा हट्ट कुणाकडून आला ते सांगायला नकोच.

प्रदर्शनाच्या सकाळी आमचे हेडसर टेबलं नीटनेटकी करत हिंडत होते. त्यांना ते रिकामं कडं दिसलं. मणी पडला असणार, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. मुलीला विचारायचं? छे, त्यांचा मान जातो ना! डबीतला उरलेला मणी उचलला, तो नेमका लाल, आणि तारेत ओवता येईना म्हणून दिला मधल्या गोळ्यावर चिकटवून. परीक्षक बाई काटेकोर. त्यांनी लाल मणी मोजले, बारा भरले. पाटीवर सोडियम आणि गोळ्यात मॅग्नेशियम! शून्य दिलं त्यांनी, आणि त्यांचं चुकलं असं मीही म्हणणार नाही.

मी हेडसरांना स्टाफरूममध्ये गाठलं. तर म्हणे, बाई, एका मण्यानं असं काय आकाश कोसळलं? मग मीही सगळ्यांदेखत सुनावलं. म्हटलं, निळा गेला तर अणूवर धनभार येतो, त्याचं वागणं पार बदलतं, पण सोडियम सोडियमच राहतो. पांढरा वाढला तर वजन वाढेल. लाल मात्र एक जरी कमीजास्त झाला, तर तो अणू तो उरतच नाही, सर. पाटी लिहिली होती लाल मण्यांवरून, आणि तुम्ही हात घातलात तो नेमका तिथेच! ते चहा ढवळत राहिले. माफीचं नाव नाही. चूक एकाची आणि शून्य पोरीच्या कपाळी, हा कुठला न्याय?

तशातच मोठे काका येऊन गेले. सोफ्यावर ऐसपैस बसून, पोरीच्या देखत बोलले की नवरा सोडून गेल्यापासून आपली चिंगी काही ती चिंगी राहिली नाही. मी बिस्किटांची बशी त्यांच्या पुढ्यातून उचलून आत नेली. भरलेली होती. त्यांचा हात हवेतच राहिला.

त्या संध्याकाळी पोरीनं बारावा लाल मणी नखानं खरवडून काढला. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. गोळा पुन्हा मोजला आणि मला विचारलं, मावशी, आईचा कुठला मणी गेलाय?

चिंगे, काकांवर मी चिडले, हेडसरांवर चिडले, पण खरी चिडले आहे ती तुझ्यावर. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस की मी आता आई म्हणून उरले नाही, तिला तुझीच मुलगी म्हणून वाढव, शाळेतही तसंच सांग. तू रडत होतीस म्हणून मी गप्प बसले. आता उत्तर देते: नाही. तू चिडशील, आदळआपट करशील, आठवडा आठवडा केस विंचरणार नाहीस, सगळं मान्य. मी तिला सांगितलं, निळा गेलाय, बाळा. ती उठली आणि बॅग भरायला लागली. रविवारी आम्ही येतोय. दार उघड. मॉडेल ती स्वतः मांडीवर धरून आणणार आहे, आणि त्याचं तिसरं कडं रिकामंच आहे. त्यात काही भरायला जाऊ नकोस.

तुझीच, राग न उतरलेली,
ताई