सिरपची खिडकी

३ फेब्रुवारी
पुन्हा सिरप! आज मॅडम सगळ्या ट्रेनींसमोर म्हणाल्या, पेशंटशी कसं बोलायचं ते हिच्याकडून शिका. सिरप म्हणजे माझ्याच वर्गातली, माझ्याच बाकावरची. नाव मीच ठेवलंय – इतकं गोड कोणी बोलतं का? हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर आम्ही दोघी प्रॅक्टिकल ट्रेनिंगला आहोत. संपलं की एकीलाच इथे नोकरी. डॉक्टरांचं अक्षर मला आधी लागतं, गोळ्या मी आधी काढते, आणि कौतुक हिचं! जळते मी. लिहून टाकलं, बरं वाटलं.

६ फेब्रुवारी
तिची एक खोड आहे. औषध समजावून झालं की पेशंटला म्हणते, "आता तुम्ही मला सांगा बघू, काय कळलं?" मग आजोबा-आज्या पाढे म्हटल्यासारखे सांगत बसतात. रांग दारापर्यंत! माझी खिडकी तोवर मोकळी होते. ते कुणाला दिसत नाही.

९ फेब्रुवारी
आईच्या हातून आणखी एक कप फुटला. लक्ष कुठंय तुझं, म्हणून मी ओरडले. माझं तरी कुठं होतं? डोक्यात सिरप.

११ फेब्रुवारी
जेवून आले तर सिरप खिडकीवर नाही. मागच्या खोलीत एका बाईंना औषध समजावत बसली होती म्हणे, आत्ताच गेल्या त्या. मला बघून हातातला कागद पटकन उलटा केला. कुणाचा गं, विचारलं. "पेशंटचा." बस, एवढंच. मॅडमनी हिला काहीतरी खास काम दिलंय, नक्की! आतल्या गाठीची आहे.

१२ फेब्रुवारी
नजर चुकवतेय. चोराच्या मनात चांदणं!

१५ फेब्रुवारी
नोकरी तिलाच. घरी येऊन तिच्या नावानं भरपूर बोटं मोडली. आई म्हणाली, "चांगली मुलगी आहे ती." जणू काही ओळखतेच! स्वतःची आईसुद्धा तिच्याच बाजूनं.

१६ फेब्रुवारी
सकाळी आईनं समोर बसवलं. तिची बोटं सुजलीत. मला आज दिसली. संधिवात आहे. गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी. रोज घेतली तर जिवावर बेतेल – सगळं न अडखळता सांगितलं. मला आधी का नाही सांगितलंस, विचारलं.
"तू ऐकून कुठं घेतेस गं?"
मग गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आता तू मला सांग बघू, काय कळलं?"