टॉर्किलचा किल्ट खमीसला

मी, एफी लॅमॉन्ट, कै. टॉर्किल लॅमॉन्ट यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कुरुम, मस्कत, मूळची स्कॉटलंडमधल्या ओबानची, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः डुगल्ड रॅनीशी भांडून आल्यावर तावातावात लिहिलेलं.

१. ओबानचं घर माझी मुलगी किर्स्टी हिला द्यावे. छप्पर गळतं, हे तिला ठाऊक आहे. तिने ते विकलं तरी माझी हरकत नाही. ओबानमध्ये ओबानची आठवण येत नाही; ती इथेच, भर उन्हात, डबाभर लोण्याची बिस्किटं भाजताना यायची.

२. बँकेतील शिल्लक निम्मी किर्स्टीला. निम्मी आमच्या इथल्या स्कॉटिश मंडळाला, दरवर्षीच्या खेळांसाठी. अट एकच: मैदानात येईल त्याला ओंडका फेकू द्यावा. तो कुठल्या देशाचा, आजोबा कोण, हे विचारू नये. मंडळाने विचारलं, तर ही रक्कमही किर्स्टीकडे जाईल. अट का, ते पुढे येतंच.

३. शिलाईचं यंत्र खमीस अल-हबसी याची पत्नी ज़ुवैना हिला. धागा कुठे अडकतो आणि कुठे थोपटलं की सुटतो, हे माझ्याखेरीज तिलाच माहीत आहे.

४. टॉर्किलचा हिरवा-निळा किल्ट, म्हणजे आमच्या घराण्याच्या चौकड्यांचा तो चुण्यांचा लोकरी घागरा, खमीस अल-हबसी याला. खरं तर तो त्याच्याचकडे आहे. कागदोपत्री व्हावा, एवढंच.

झालं असं. आम्ही इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यातले खेळ. ओंडका गावाकडून बोटीने मागवला होता. इथल्या कोरड्या हवेत तो मधोमध तडकला. टॉर्किल बंदरावर क्रेनचं काम बघायचा. वजनदार गोष्टींची त्याला कधी धास्ती वाटली नाही. तो जवळच्या सीब गावी गेला आणि वादळात पडलेल्या खजुराचं खोड घेऊन आला. तिथला बागाईतदार खमीस स्वतःच गाडी चालवत आला होता.

मंडळाचा अध्यक्ष तेव्हा डुगल्ड रॅनी. मिशांना पीळ देत म्हणाला, "टॉर्किल, हे काय खजूर विकायला आणलंयस?"

खेळ असा, की खोड उभं पेलून धावायचं आणि असं भिरकावायचं, की वरचं टोक टेकून ते कोलांटी खात पुढे सरळ पडलं पाहिजे. आमच्या एकेका पहिलवानाने फेकलं. खोडाने एकदाही कोलांटी खाल्ली नाही. उलट फेकणारेच खाली बसत होते. खमीस गाडीला टेकून खुदूखुदू हसत होता.

मी म्हटलं, "हसताय काय? उचलून दाखवा की!"

"किर्स्टीच्या आई, मी लहानपणापासून हीच उचलतोय," तो इथल्या रीतीने हाक मारत म्हणाला. अंगातल्या पायघोळ दिशदाशाचा घोळ कमरेला खोचला, खोड पेललं, धावला आणि फेकलं. सरळ. अगदी रेघ मारावी तसं.

मैदान नाचायला लागलं. डुगल्ड मात्र नियम काढून बसला. "किल्ट नाही, तर चषक नाही."

मी तडक घरी गेले, टॉर्किलचा दुसरा किल्ट यंत्रावर घातला, कमरेला पट्टा जोडून वाढवला आणि घेऊन आले. खमीसने तो दिशदाशावरच नेसला. "आता मी कोणत्या घराण्यातला?" त्याने विचारलं. टॉर्किल म्हणाला, "आमच्या."

दुसरी फेक त्याहून जोरात गेली, पण तिरकी. थेट अध्यक्षांच्या मांडवावर. डुगल्ड वेळेवर बाहेर पडला. त्याच्या सँडविचांना ते जमलं नाही. चषक त्या वर्षी कुणालाच मिळाला नाही. पुढे खोड दरवर्षी खमीसच्या बागेतून येऊ लागलं आणि डुगल्ड दरवर्षी खमीसशी अक्षरही न बोलता ते मापून घेऊ लागला.

५. टॉर्किलच्या शेजारी राखून ठेवलेल्या जागेत, मस्कतमध्येच माझं दफन करावं. बासरीवाले नकोत, बॅगपाइपवाले हवेत. काळे कपडे कुणी घालू नयेत, उकडतं.

आमच्याकडे शवपेटी खाली सोडताना तिच्या दोऱ्या जवळच्या माणसांच्या हातात देतात. कुणाला कुठली, हे आधी ठरतं. टॉर्किलच्या वेळी त्याच्या भावाचं विमान चुकलं आणि डोक्याकडची दोरी तशीच राहिली. खमीस किल्ट नेसून आला होता, पण परका म्हणून मागे, फाटकापाशी उभा होता. यादी डुगल्डच्या हातात. मला वाटलं, आता हा नियम काढणार.

तो मोठ्याने म्हणाला, "खमीस, मागे काय उभा राहिलायस? ये इकडे. भावाची दोरी तुझी."

त्या दिवशी मी टॉर्किलसाठी नंतर रडले. आधी डुगल्डसाठी रडले.

म्हणून माझ्या दोऱ्या अशा: डोक्याकडची किर्स्टीला. "बायका दोरी धरत नाहीत" असं कुणी म्हटलं, तर त्याने घरी जावं. पायाकडची खमीसला. डावीकडची डुगल्ड रॅनीला. त्याची कंबर धरली तर शेजारच्याने सांभाळून घ्यावं.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, म्हणून मी मुद्दाम डुगल्डला साक्षीदार केलं; दुसऱ्या साक्षीदार माझ्या वकीलबाई. त्याने चष्मा लावून इथवरचं सगळं वाचलं आणि मिशीला पीळ दिला.

"वकीलबाई," त्याने विचारलं, "दोरी म्हणजे मालमत्ता होते का हो?"

"नाही होत."

"मग हरकत नाही," तो म्हणाला. "एफी, पण घाई करू नकोस."

आणि त्याने सहीसाठी पेन उघडलं.

लिहून देणार: एफी लॅमॉन्ट

साक्षीदार: १. डुगल्ड रॅनी  २. ॲड. बुथैना अल-खरूसी

मस्कत, संत अँड्र्यूचा दिवस, ३० नोव्हेंबर २०१९