डाव्या हाताचे टोले

बर्नी, टास्मानिया
११ जानेवारी

चि. फर्गस यास आयल्साचे आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेलं गाणं मंगळवारी मिळालं. पाच वेळा ऐकलं. रागात लिहायची मला सवय नाही म्हणून दोन दिवस थांबले. राग गेला नाही, तेव्हा आता लिहिते. फोनवर मला बोलणं जमत नाही, तू मधेच विनोद करतोस आणि माझं सांगायचं राहून जातं.

ते ड्रम नेव्हिलचे नाहीत. बत्तीस वर्षं बंदरावरच्या क्लबात तो वाजवत होता आणि मी ऐकत होते. मला ताल मोजता येत नाही, पण नवऱ्याचा हात ओळखता येतो. मोठ्या टोल्यांच्या मधे त्याचा डावा हात हळू काहीतरी पुटपुटत असायचा. तुझ्या गाण्यात ते पुटपुटणं आहे, पण शाळेत मुलं पाढे म्हणतात तसं, सगळं एका आवाजात. त्याने असं कधी वाजवलं नाही. तू काय केलं आहेस?

लग्नात मुलीने बापाबरोबर करायचा तो नाच आपली रोवीना याच वॉल्ट्झवर नाचणार आहे, २ मार्चला. आपण तोवर जगणार नाही हे कळल्यावर नेव्हिलने मागच्या खोलीत बसून तो वाजवून ठेवला. त्याच्या जागी तिच्याबरोबर तू नाचायचंस आणि ड्रम बापाचे असायचे, एवढंच त्या मुलीने लग्नासाठी मागितलं. तेवढंही तिला धड मिळू नये?

मूळ वाजवलेलं त्याच्या लॅपटॉपमध्ये आहे. त्याची इलेक्ट्रॉनिक ड्रमची पॅडं अजून उभी आहेत, मी धूळसुद्धा पुसलेली नाही. सगळं कसं जोडायचं आणि ते कसं ऐकायचं, हे मला क्रमाने लिहून पाठव. शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढली आहेत, सूचना वाचता येतात.

गुडघा कसा आहे? यंदा टोमॅटो फार आले आहेत, शेजारी वाटून टाकते.

माया आहे, पण आज ती दाखवावीशी वाटत नाही.

आयल्सा


मेलबर्न
१८ जानेवारी

ती. आयल्सावहिनीस फर्गसचा सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी उभं राहून वाचलं, ऑफिसात बोलावलेल्या पोरासारखं. गुडघा त्यामुळे जरा दुखतो आहे, बाकी ठीक. टोमॅटो शेजाऱ्यांना आणि मला पत्र, हा न्याय मात्र बरा नव्हे.

हो, मी भर घातली. दादाने वाजवलेल्यात डाव्या हाताचे हलके टोले नाहीतच, एकही नाही. औषधाने बोटं बधिर होतील असं डॉक्टर म्हणालेच होते, तशी ती झाली. मोठे टोले जागच्या जागी, उजवा हात जसाच्या तसा, मधली कुजबुज गायब. मी स्टुडिओत बसून ते टोले एकेक करून माउसने घातले. दोनशे बारा. चार रविवार गेले. लग्नात दीडशे माणसांनी ऐकून बिचारा म्हणावं, असा माझा भाऊ नव्हता. तू म्हणतेस ते पाढ्यासारखं झालंय, हे खरं असेल. प्रत्येक टोल्याचा जोर थोडा कमी-जास्त करून पुन्हा पाठवतो. पण मी काही पाप केलं आहे, असं मला वाटत नाही.

आता जोडणी. पॅडं स्वतः वाजत नाहीत. टोला लागला की पॅड फक्त तीन गोष्टी सांगतं, कुठे लागला, कधी लागला आणि किती जोरात. स्टँडवरची काळी पेटी, म्हणजे मॉड्यूल, ते यूएसबी केबलने लॅपटॉपला कळवते. आवाज काढतं ते लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर, खऱ्या ड्रमचे आवाज त्यात साठवलेले आहेत. तेव्हा आधी मॉड्यूल सुरू कर, मग केबल लाव, मग सॉफ्टवेअर उघड आणि सेटिंगमध्ये मॉड्यूलचं नाव दिसेल ते निवड. हेडफोन लॅपटॉपला लाव. मॉड्यूलचा स्वतःचा आवाज शून्यावर ठेव, नाहीतर एका टोल्याचे दोन ऐकू येतील आणि तू त्याचाही राग माझ्यावर काढशील. आवाज उशिरा येत असेल तर 'बफर'चा आकडा कमी कर.

'वॉल्ट्झ जुलै' नावाची फाईल आहे, ती मूळची. उघडलीस की प्रत्येक टोला एका छोट्या रेघेसारखा दिसेल. रेघेवर क्लिक केलं की जोराचा आकडा दिसतो, एक म्हणजे अगदी हलका, एकशे सत्तावीस म्हणजे सगळ्यात जोराचा.

पॅडांच्या सेटिंगला मात्र हात लावू नको. ईस्टरला आलो होतो तेव्हा मी स्वतः बसून ती लावली आहेत.

राग उतरला की एक ओळ लिही.

तुझा,
फर्गस


बर्नी
२७ जानेवारी

चि. फर्गस यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सूचना चांगल्या होत्या. पहिल्या दिवशी दोन दोन आवाज आले, दुसऱ्या दिवशी जमलं. मूळ फाईल ऐकली. तू म्हणालास तसंच आहे, मोठे टोले आहेत आणि मधे काही नाही. मला ते ऐकवेना. हेडफोन काढून ठेवले.

मग त्याच्या काठ्या उचलल्या. आपल्या टोल्याचा कसा आवाज येतो ते बघावं, एवढंच मनात होतं. सगळ्या पॅडांवर एकेक टोला मारला. सगळी वाजली. मग हळू मारून पाहिलं. झांजेचं पॅड बोललं, बाकीची बोलली. डाव्या हाताखालचं, स्नेअरचं, बोललं नाही. थोडं जोरात मारलं, तरी नाही. काठी वितीएवढ्या उंचीवरून नुसती सोडून दिली, तरी नाही. आणखी जोरात मारलं तेव्हा एकदम मोठ्याने वाजलं.

फर्गस, माझ्या बोटांना कुणी औषध दिलेलं नाही.

मग फाईलमधल्या रेघा एकेक करून पाहिल्या. झांजेच्या पॅडवर नऊ आकड्याचे टोले आहेत, बाराचे आहेत, पंधराचे आहेत. स्नेअरवर एक्केचाळीसच्या खाली एकही नाही. माणसाचा हात असा एका आकड्याला कापल्यासारखा थांबत नाही. मॉड्यूलबरोबर आलेलं पुस्तक काढून वाचलं. त्यात 'थ्रेशोल्ड' म्हणून एक सेटिंग आहे, त्याहून हळू टोला लागला तर पॅडने तो धरायचाच नाही. बाकीच्या पॅडांना ते दोन आणि तीनवर आहे. स्नेअरला अठरावर आहे. हे माप रेघांवरच्या जोराच्या आकड्यांहून वेगळं आहे, असं पुस्तकात लिहिलं आहे. हात लावू नको असं तू लिहिलं होतंस, मी लावला नाही, फक्त वाचलं.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. या पातळ भिंतींच्या घरात आलो तेव्हा त्याने आपले खरे ड्रम क्लबला देऊन टाकले होते. त्यामुळे ताडून बघायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. जुलैत एक दिवस त्याने हेडफोन काढले आणि डावा हात गेला एवढंच म्हणाला. नंतर स्वयंपाकघरात टेबलावर काठीने टकटक करत बसला. मी म्हटलं, अरे, हे तर छान ऐकू येतंय. तर म्हणाला, टेबल कुणाचंही ऐकतं, त्याचं काय घेऊन बसलीस. पॅडवर त्याचा टेबलापेक्षा जास्त विश्वास होता, कारण ते तू लावलं होतंस.

ऑगस्टमध्ये त्याने औषध बंद करायला सांगितलं. डावा हात गेला, आता उजवा जाईल, हात घालवून मला चार-सहा महिने जास्त नकोत, असं तो डॉक्टरांना म्हणाला. मी शेजारच्या खुर्चीवर होते. मी अडवलं नाही. त्याचे हात आहेत, त्याने ठरवावं, असं मला वाटलं. २ ऑक्टोबरला तो गेला.

त्याने तुला कधी विचारलं होतं का, एवढंच कळव. गुडघ्याचं आणि हवेचं लिहू नकोस.

आयल्सा


मेलबर्न
४ फेब्रुवारी

ती. वहिनीस सा. नमस्कार.

विचारलं होतं.

जुलैत फोन आला होता. स्टुडिओत लोक होते, माझं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, फर्गी, ते स्नेअरचं पॅड जरा बघशील का, हळू मारलं की गप्प बसतं. मी म्हटलं, दादा, पॅड खोटं बोलत नाही, हात म्हातारा झाला तुझा. हसून म्हटलं. तोही हसला. मग त्याने तिकडची हवा सांगितली आणि फोन ठेवला.

ईस्टरला मी ते अठरावर का नेलं तेही लिहितो. त्याने पायाने मोठ्या ड्रमचा टोला मारला की सगळा स्टँड हलायचा आणि स्नेअर आपोआप वाजायचं. स्टँड घट्ट करायचा होता, पॅड थोडं लांब लावायचं होतं, मग आकडा हळूहळू खाली आणायचा होता. माझं जहाज सुटायची वेळ झाली होती. आकडा वर नेला की आपोआप वाजणं बंद झालं, म्हणून तसाच ठेवला. तो काठ्या घेऊन बसेपर्यंतही मी थांबलो नाही. दुसऱ्याचं पॅड लावताना त्याच्या सगळ्यात हळू टोल्यापासून सुरुवात करायची, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

मी घातलेले दोनशे बारा टोले काढून टाकले आहेत. लग्नाला मी येणं बरं दिसणार नाही. आजारी आहे असं रोवीनाला सांगेन. खरं काय ते तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

मी तुझ्याकडे काही मागत नाही.

फर्गस


बर्नी
१३ फेब्रुवारी

चि. फर्गस यास.

तुझं पत्र आल्यावर मी डॉक्टरांकडे जाऊन आले. औषध चालू ठेवलं असतं तर तो मार्चपर्यंत राहिला असता का, असं विचारलं. त्यांनी बराच वेळ कागद चाळले आणि म्हणाले, कदाचित राहिला असता, कदाचित ऑक्टोबरातच गेला असता, याहून जास्त कुणी सांगू शकणार नाही. त्यामुळे ते आता असंच राहणार. तुलाही आणि मलाही.

शनिवारी मी तो आकडा खाली आणला. दोनवर आणल्यावर नुसत्या बोटानेही स्नेअर वाजलं. मग मोठ्या ड्रमचं पॅडल दाबलं, तर स्टँड हलला आणि स्नेअर आपोआप वाजलं, तू लिहिलंस तसंच. स्टँडचे दोन स्क्रू आवळले, पॅड हाताच्या अंतरावर सरकवलं, मग वाजायचं थांबलं. मला वीस मिनिटं लागली. तू त्या दिवशी कशात अडकला होतास ते मला कळलं. पण वीस मिनिटं होती, फर्गस. जहाज सुटायच्या दोन तास आधीच तू इथून निघालास, आणि जहाजाचा धक्का पाऊण तासावर. डबीतला शिंपल्यांचा रसदार पॅटिस कारमध्ये खाऊ नकोस, सांडेल, असं मी तुला दारात बजावलं होतं, म्हणून वेळ नीट आठवते.

आजारी असल्याचं खोटं तू सांगणार नाहीस. रोवीनाला मी सगळं सांगितलं, तुझी दोन्ही पत्रं वाचायला दिली. ती ओरडली नाही. ती बापावर गेली आहे. पत्रं घडी करून परत दिली आणि कोणतं गाणं लावायचं ते तिने सांगितलं. जुलैचं, मूळ, त्यात एकही टोला न घालता. बाबांनी जे वाजवलं ते यंत्राने घेतलं नाही, तर त्या जागा तशाच राहू देत, असं म्हणाली.

मी विचारलं, मग नाचायला क्लबमधल्या कुणाला सांगू? तर म्हणाली, कुणाला कशाला, काका आहे ना. मला वाटलं तिने तुला माफ केलं. तसं तोंडातून गेलंही. तिने मान हलवली. म्हणाली, आई, तिथल्या माणसांना त्या मोकळ्या जागा कळणार नाहीत, साधा वॉल्ट्झ आहे असंच वाटेल. काकाला एकेक कळेल, त्याने मोजल्यात. कळतील तेव्हा त्याचा हात माझ्या हातात असला पाहिजे आणि त्याने पाऊल चुकवता कामा नये.

तेव्हा १ तारखेच्या सकाळी पोचणाऱ्या जहाजाने ये. राखाडी सूट आण, काळा नको. तुझी खोली लावून ठेवते. मी तुझ्याशी फारसं बोलणार नाही, ते मनाला लावून घे किंवा घेऊ नकोस.

आयल्सा