वाकडी कडी

९ मार्च १९९९, वादी अदाई

लाकडावर बेतानं पडणारा हात माणसावर पडताना थांबत का नाही? 

आज आमच्या मालकांनी, मल्होत्रासाहेबांनी सादिकचाचांना साखळीनं मारलं. फर्निचरच्या शोरूममध्ये, गिऱ्हाईक बाईंसमोर! चाचा पॉलिशवाले. ईद जवळ आली म्हणून त्यांनी फ्रेंच कपाटाच्या सोनेरी वेलबुट्ट्या चिंच आणि राखेनं लख्ख घासल्या, घरची भांडी घासतात तशा.

"दो सौ साल का सोना उतार दिया!" साहेब ओरडले. मग साखळी. पाठीवर, तोंडावर. कान फाटला. चाचांनी हात मध्ये घातला — बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी साहेबांचा दंड धरला तर मला भिंतीवर आपटलं.

बाई पांढऱ्याफटक. जाताना म्हणाल्या, "हेच कपाट पाठवा."

१० मार्च

डोकं ठणकतंय. ती साखळी गोदामातली. तिथं बनलेली नवी कपाटं जुनी दिसावीत म्हणून तिनं ठोकतात. नक्कल म्हणूनच विकतो आम्ही ती. पॅरिसहून आलेलं अस्सल एवढं एकच. गिऱ्हाइकांना मीच अभिमानानं सांगायची!

साहेबांचा हुकूम — "पुलिस पूछे तो बोलना, अलमारी गिरी."

पप्पा गावाहून फोनवर म्हणाले, "घरातली पहिली ग्रॅज्युएट तू. व्हिसा खलास झाला तर परत काय शेण गोळा करणार?"

मी दोघांनाही 'बरं' म्हटलं. हीच माझी डिग्री?

११ मार्च

हॉस्पिटल. नर्स पाठीची पट्टी बदलत होती. साखळीतली एक कडी वाकडी आहे. तिचा वळ कोयरीसारखा उठलाय. काळानिळा. एक नाही, पाठभर.

चाचांना ओठ मिटता येत नाहीत. "बाय, माजा पासपोर्ट त्याच्याकडं हाय. तू गप ऱ्हा." मग हसायला गेले — "पर चमाकलं का नाय कपाट?"



१३ मार्च

बाईंचं कपाट आज पॅक करायचं होतं. दार उघडून आतून पुसत होते. फळीवर बोट अडकलं.

कोयरी.

खाली आणखी एक. बाजूच्या फळीवर तशीच. तीच वाकडी कडी!

म्हणजे हेही आमच्याच गोदामातलं. पॅरिस नाही, दोनशे वर्षं नाही, सोनं तर कधी नव्हतंच. आणि साहेबांना ते ठाऊक होतं. रागानं नाही मारलं त्यांनी. बाईंचा विश्वास बसावा म्हणून मारलं. माणूस फोडून कपाट विकलं!

दाराआडून साहेबांचा आवाज — "प्रणाली, यल्ला! जल्दी, ट्रक आ गया."

"आले, साहेब," मी म्हणाले.

१४ मार्च

काल ट्रक मी भरला नाही. मी मागच्या दारानं गोदामात गेले, साखळी ओढणीत गुंडाळली आणि पोलीस ठाण्यात नेऊन दिली. तिच्यावरचं रक्त कुणी पुसलं नव्हतं.

जबाबावर सही मराठीत केली. पूर्ण नाव.