जरा अडकलेय

३ जून
कामाचा पहिला दिवस. लिफ्टमधलं घंटीचं बटण दाबलं की फोन जिथे लागतो, तिथे मी बसते. तळघर. खिडकी नाही. दोन टेबलं, दोन हेडफोन, एक मी आणि एक सीनियर बाई – अकरा वर्षं इथेच आहेत. टेबलावर कार्ड चिकटवलंय: अडकला आहात का? एकटे आहात का? मेकॅनिक पोहोचेपर्यंत बोलतं ठेवा. काही सुचलं नाही तर छंद विचारा. आणि खाली लाल अक्षरांत – फोन आपण आधी ठेवायचा नाही!

"घाबरू नका" कधीच म्हणायचं नाही म्हणे. सीनियर बाई म्हणाल्या, "तसं म्हटलं की न घाबरलेला माणूसही घाबरतो."

४ जून
नऊ फोन. सात जणांनी चुकून बटण दाबलेलं.

७ जून
सकाळी बाबांचा फोन. "कॉलेज काय म्हणतंय?" म्हटलं, "लेक्चरमध्ये अडकलेय, नंतर करते." दुपारी मी केला तर ते – "जरा अडकलोय गं, ठेवतो." बापलेक एकाच माळेचे मणी!

खरं लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. फेब्रुवारीपासून मी कॉलेजात गेलेले नाही. मार्चची परीक्षा दिली नाही. झालं काहीच नव्हतं. फेब्रुवारीत एके सकाळी पेन, ओळखपत्र घेऊन हॉस्टेलमधून निघाले, बस कॉलेजपाशी थांबली, मी उतरले नाही. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले आणि त्याच बसने परत आले. रडू नाही, भीती नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसं – फक्त सगळीकडे. घरी कुणाला माहीत नाही.

११ जून
फेरपरीक्षेचा अर्ज आणला. शेवटची तारीख ३० जून. पालकांशी बोलणं झालंय, असं त्यावर लिहून द्यायचं आहे. म्हणजे बाबांना सांगणं आलं. अर्ज उशीखाली ठेवला.

१५ जून
चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मध्ये एक आजी. एकट्या. मेकॅनिकला चाळीस मिनिटं लागणार होती. सगळं बोलून झालं – गुडघे, जावई, पुन्हा गुडघे. शेवटी कार्डाप्रमाणे छंद विचारला.

"माझं राहू दे. तुला काय येतं ते सांग."

मला काय येतं? संख्याशास्त्र तीन वर्षं शिकले, ते सांगून लिफ्टमधल्या बाईचं काय भलं होणार! म्हटलं, "शिट्टी."

"मग वाजव की!"

बाबा छापखान्यात मशीनवर आहेत. तिथे हाका ऐकू जात नाहीत, म्हणून सगळे एकमेकांना शिट्टीने बोलावतात. मी डबा पोचवायला जायचे तेव्हा त्यांनीच शिकवली. आमच्याकडेच राहणारी आत्या चिडली – "मुलीच्या जातीने शिट्ट्या कसल्या!" बाबा म्हणाले, "मग मशीनपुढे तिने गप्प बसायचं होय?" वर्षभरात वाजवली नव्हती. आधी नुसती हवा. मग आली. आजी म्हणाल्या, "बेसूर आहेस, पण चालू दे."

१६ जून
सगळे फोन रेकॉर्ड होतात, हे विसरलेच होते. सीनियर बाईंनी कालचा ऐकला. वाटलं, झाली गच्छंती! "कार्डात शिट्टी नाही," एवढंच म्हणाल्या. मग – "पण फोन आधी ठेवला नाहीस." बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

जाता जाता म्हणाल्या, "माणूस काय बोलतो त्याहून मागे काय वाजतंय ते ऐकत जा. बोलण्यात माणूस लपतो."

१९ जून
आज काही नाही.

२१ जून
बाबांशी दीड मिनिट. हल्ली किती हळू बोलतात! मशीनच्या धडधडीवर ओरडायची सवय त्यांना, मला फोन कानापासून लांब धरावा लागायचा. वय झालं असेल. मागे कबुतरं घुमत होती. सांगायला तोंड उघडलं तोवर – "जरा अडकलोय, ठेवतो."

२६ जून
अर्ज काढला. चुरगळलाय. हाताने सरळ केला, परत ठेवला.

२९ जून
दुपारी बाराला फोन केला, ऐन कामाच्या वेळी. "जरा अडकलोय गं." मागे कबुतरं. धडधड नाही.

म्हटलं, "ठेवू नका. मीही अडकलेय बाबा. फेब्रुवारीपासून." सगळं सांगितलं. मग सवयीने तोंडातून गेलं – "तुम्ही एकटे आहात का?"

"हो," म्हणाले. "बागेत बसलोय. छापखाना जानेवारीतच बंद झाला. आत्याला सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघतो."

दुखलं. किती महिन्यांनी दुखलं!

फोन दोघांपैकी कुणीच आधी ठेवला नाही.