अठ्ठेचाळीस मैलांचं राज्य

अल मनखूल, दुबई
४ एप्रिल १९९९

प्रिय शुभ्रा,

हे पत्र मी गोदामात बसून लिहितो आहे, घरी नाही. कागदाला ऑइलचा डाग लागला असेल तर रागावू नकोस. मालक अबुधाबीला गेला आहे, इथे रास अल खोरला आज गाड्याही कमी आहेत. माझी तब्येत ठीक आहे. प्रेशरची गोळी घेतली की नाही हे मला आठवत नाही, म्हणून आईच ती रोज सकाळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. मिहिका बोलायला लागली का? मराठी बोलते, की लहानपणी तू द्यायचीस तशी सगळ्याला इंग्रजीतच उत्तरं देते?

आईला बोलवायचे तुझे कागद गुरुवारी पोचले. जुलैत दुसरं बाळ येणार हे वाचून ती कपाटाकडेच धावली आणि तुझ्या रोड आयलंडची पानं काढून बसली. ती पानं तिने अजून जपून ठेवली आहेत, हे मला माहीत नव्हतं.

त्या पानांची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सत्त्याण्णव साली, मिहिकाच्या वेळी, आईचा व्हिसाचा फॉर्म हमीदच्या टायपिंगच्या दुकानात भरला होता. हमीद म्हणाला, "अंकल, वो लोग इम्तिहान लेते हैं. जिधर जाना है उधर का सब मालूम मंगता." ती परीक्षा तिथले नागरिक होणाऱ्यांची असते, पाहुण्यांची नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. हमीदने कुठल्याशा जाड पुस्तकातून रोड आयलंडची माहिती हिंदीत टाइप करून दिली. पाच पानं. आईने ती गॅसच्या वर चिकटवली. मी संध्याकाळी प्रश्न विचारायचो आणि ती पोळ्या लाटत उत्तरं द्यायची. चुकली की मी ओरडायचो. "सातवी पास माणूस मला भूगोल शिकवतोय," असं म्हणून ती हसायची. दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. खरं सांगू, आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण आम्ही इतकं बोललो ते त्याच दोन महिन्यांत.

मला ती पानं अजून पाठ आहेत. अमेरिकेतलं सगळ्यांत लहान राज्य. लांबी अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे दुबईहून निघालं तर रास अल खैमाच्या अलीकडेच संपेल. रुंदी सदतीस. समुद्र आत इतका घुसलेला की एवढ्याशा राज्याला चारशे मैल किनारा. सगळ्यांत उंच टेकडी आठशे बारा फुटांची. ते राज्य एका धर्मगुरूने वसवलं. शेजारच्या वसाहतीने त्याची मतं पटेनात म्हणून त्याला ऐन थंडीत हाकललं होतं. तिथल्या मूळ लोकांनी त्याला आसरा दिला, जमीन दिली. आणि चाळीस वर्षांनी आजूबाजूच्या गोऱ्यांनी त्याच लोकांची दलदलीतली वस्ती बर्फात पेटवून दिली, बायकामुलांसकट. इथे आई लाटणं खाली ठेवायची. "ज्यांनी घरात घेतलं त्यांनाच जाळलं होय हो?" असं विचारायची. मी म्हणायचो, ते परीक्षेला येणार नाही, तू काउंट्या म्हण. काउंट्या म्हणजे तिथले जिल्हे, पाचही ती एका दमात म्हणायची. प्रॉव्हिडन्स, केंट, वॉशिंग्टन, न्यूपोर्ट, ब्रिस्टल.

मुलाखतीच्या दिवशी अमेरिकन वकिलातीत खिडकीमागे चष्मा लावलेली एक तरुण गोरी बाई होती आणि शेजारी हिंदी बोलणारी एक बाई. तिने एवढंच विचारलं, "बेटी कहाँ रहती है?" झालं! आईने सगळं राज्यच सुरू केलं. लांबी, रुंदी, राजधानी न्यूपोर्ट, पाच काउंट्या. दोघी बायका हसल्या. चांगल्या हसल्या, कुचेष्टेने नाही. तासाभराने पासपोर्टबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद मिळाला. व्हिसा नाही. आईने टॅक्सीत विचारलं, यात काय लिहिलंय? मी म्हणालो, राजधानी प्रॉव्हिडन्स आहे, तू न्यूपोर्ट सांगितलंस, नापास झालीस.

घरी येताच तिने गॅसवरची पानं काढली. नोव्हेंबरात तू दोन दिवस अडलीस, राजन हॉस्पिटलातून फोन करत होता, तेव्हा ती फोनशेजारी जमिनीवर बसून "एका नावासाठी, एका नावासाठी" म्हणत कपाळ बडवत होती. तू फोनवर म्हणालीस, "आई, यू शुड हॅव बीन हिअर." तिला ते इंग्रजी कळलं. तेव्हापासून ती न्यूपोर्ट हा शब्द उच्चारत नाही. पाचाच्या जागी चारच काउंट्या म्हणते. मी ऐकतो आणि पेपर वाचतो. मागच्या वर्षी ते जाड पुस्तक हमीदकडे मी स्वतः चाळून घेतलं. त्यात होतं की एकोणीसशे सालापर्यंत तिथे दोन राजधान्या होत्या, एक प्रॉव्हिडन्स आणि दुसरी न्यूपोर्ट. म्हणजे ती पूर्ण चुकलीसुद्धा नव्हती. घरी येऊन मी तिला ते सांगितलं नाही.

आता पुढचं वाच आणि मग काय ते ठरव. त्या दिवशी खिडकीवर त्यांनी आधी आईचा फोटो मापात नाही म्हणून परत दिला आणि समोरच्या फोटोवाल्याकडे पाठवलं. तो फोटो मीच लहान कापला होता. मी गोदामात तीस वर्षं मापं घेतली आहेत, माझ्या हातून असं चुकत नाही. ती गेल्यावर गोऱ्या बाईने मला विचारलं, ही किती दिवस राहील? मी म्हणालो, शी विल नॉट कम बॅक, मॅडम. हिअर नथिंग फॉर हर. तिने विचारलं, आर यू शुअर? मी हो म्हणालो. तिने ते फॉर्मवर लिहून घेतलं. नंतर मिळालेल्या कागदावर राजधानीचं काही नव्हतं, परत येण्याची खात्री नाही म्हणून व्हिसा नाही, एवढंच होतं.

आमच्या बिल्डिंगमधल्या भिकाजीची बायको सुनेच्या बाळंतपणाला कॅनडाला गेली ती तीन वर्षं आली नाही. इथे सहा महिने बाहेर राहिलं की रेसिडेन्सी खलास. भिकाजी एकटा चहात ब्रेड बुडवून खायचा. मला ते बघवायचं नाही. तुझ्याकडे डॉक्टर होते, राजन होता. मला कोण होतं?

आता बारा मेची मुलाखत मिळाली आहे. या वेळी आई म्हणते, "तुम्ही येऊ नका, तुमच्यामुळे मी गडबडते. शेजारची शहरबानू येईल बरोबर." शहरबानूला इंग्रजी येतं. ती खिडकीवरची बाई जुना फॉर्म उघडणार, नवरा काय म्हणाला ते वाचून दाखवणार, आणि शहरबानू ते आईला सांगणार. आईला ते कळलं तर ती व्हिसा मिळो न मिळो, माझ्या घरात राहणार नाही. म्हणून हे पत्र. तू आईला लिही की तू येऊ नकोस. राजनची आई येते आहे, दोघींना जागा होणार नाही, असं लिही. मागच्या वेळी तू आली नाहीस तरी सगळं नीट झालंच, असंही लिही, म्हणजे ती पुन्हा विचारणार नाही. फोन करू नकोस, तुझ्या आवाजावरून ती ओळखेल. आणि इंग्रजीत लिहू नकोस, नाहीतर ती मला वाचायला सांगेल. तिनेच शिकवलेल्या मराठीत लिही, तिचं तिला वाचता येईल. ती रडेल, पण चार दिवसांनी स्वयंपाकाला लागेल. टपालाला दहा दिवस लागतात, तेव्हा वाचल्या वाचल्या लिहायला बस.

तुझाच,
बाबा