जस्ताच्या गोळ्या

पहाडगंज, दिल्ली
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

शिवांगी,

आजीचे आशीर्वाद घे आणि तोंड पाडून वाचू नकोस. फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, वेलांट्या चुकतील. तुला तरी कुठे कळणार आहेत, दिल्लीची पोर तू.

मी बरी आहे. रक्त वाढलंय. डॉक्टरीण रिपोर्ट बघून म्हणाली, "अम्मा, आप तो जवान हो गईं." म्हटलं, चष्मा बदला.

बाहेर धुकं आहे की धूर, देवाला ठाऊक. समोरची हॉटेलं दिसत नाहीत, नुसत्या त्यांच्या लाल-हिरव्या पाट्या हवेत तरंगतात. उन्हाळ्यापासून माझंही असंच चाललं होतं. पायाखाली फरशी नाही, पिंजलेला कापूस. स्वयंपाकघरात जायला निघावं आणि मध्येच वाटावं, मी माहेरच्या नदीत उभी आहे, पाणी घोट्यापर्यंत आलंय. गार नाही, गरम नाही. उघड्या डोळ्यांनी स्वप्नं. शेजारच्या पद्मजाबाईंनी हाक मारली तर वाटायचं, दुसऱ्याच कुणाला तरी मारतायत. वाईट नव्हतं गं ते. दम लागायचा, तेवढाच काय तो त्रास.

तुझा बाप, माझा सुधन्वा, मात्र घाबरला. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, रक्त हलेना. मग कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला तपासायला. तो बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा. कॅन्सर हा शब्द माझ्यासमोर कुणी काढला नाही, पण सगळे इतकं गोड बोलायला लागले की मला कळलं.

मग त्या डॉक्टरणीने माझी औषधांची पिशवी पलंगावर उपडी केली.

"अम्मा, ये ज़िंक कब से खा रही हो?"

"कोरोना से."

"किसने दी?"

तू माझ्या उशाशी होतीस. तुझा चेहरा मी पाहिला.

तिने समजावलं ते असं. झिंक म्हणजे आपलं जस्त. ते पोटात फार झालं की अन्नातलं तांबं आतड्यातच अडकून पडतं. तांबं नसेल तर खाल्लेलं लोह रक्ताच्या कामी येत नाही, आणि पायांच्या शिराही मरगळतात. म्हणजे कॅन्सर नव्हताच. मी म्हटलं, मी तर तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिते. ती हसली. गोळ्या बंद केल्या, सलाइनमधून तांबं दिलं, आता तोंडाने घेते. रक्त आलं. पाय यायचे तर येतील, नाहीतर नाही. काठी घेतलीय.

त्या दिवसापासून तू आली नाहीस. सुधन्वा म्हणाला, "आई, ती म्हणते, मीच आजीला विष चारलं."

मूर्ख कार्टी. तू सांगितलं होतंस, रोज एक, आणि महिन्याने बंद. मला ऐकू येतं.

पहिली बाटली घेऊन तू गुरुग्रामहून आलीस आणि बूटसुद्धा न काढता माझ्या पलंगावर झोपलीस, पार संध्याकाळपर्यंत. मी बघत बसले. पुढे तू ऑफिसात अडकलीस. मी फोन केला, गोळ्या संपल्या, त्यांनीच बरं वाटतं. लगेच आलीस. मग संपवाव्याच लागल्या. एकीच्या दोन, दोनाच्या तीन. फेकता आल्या असत्या, पण औषध फेकवत नाही माझ्याच्याने. "आजी, यार, इतक्यात संपल्या?" म्हणायचीस, आणि आडवी व्हायचीस.

हे डॉक्टरणीला सांगितलेलं नाही. तुझ्या बापालाही सांगू नकोस, पुन्हा गोड बोलायला लागेल.

आता तांब्याच्या गोळ्या सुधन्वाच आणून ठेवतो. माझं काही संपत नाही. तुला बोलवायला एकही निमित्त उरलेलं नाही घरात.

रविवारी ये. हात हलवत ये.

वाट बघते,
आजी